ब्रूनो दाराबाहेर का झोपतो

प्रश्न: सात आठवड्यांपूर्वी आम्ही शेल्टरमधून साधारण तीन वर्षांचा कुत्रा दत्तक आणला. नाव ब्रूनो. सगळे सांगत होते, सुटका करून आणलेली कुत्री उपकार विसरत नाहीत, जन्मभर जीव लावतात. आमचा ब्रूनो दिवसभर टेबलाखाली बसून असतो. मी जवळ गेले की उठून जातो. खायला मी घालते, फिरायला मी नेते, आणि हा जाऊन बसतो माझ्या मुलीच्या पायाशी, जी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. परवा कुरवाळायला गेले तर चक्क गुरगुरला. रात्री मात्र माझ्या खोलीच्या दाराबाहेर झोपतो, पण मी दार उघडलं की पळतो. त्याला माझ्याबद्दल काहीच वाटत नाही का? सोबतीला दुसरा कुत्रा आणला तर मोकळा होईल का?

उत्तर:

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. रात्री तो तुमच्या खोलीच्या दाराबाहेर झोपतो.

झोपलेलं कुत्रं सगळ्यात असहाय असतं, म्हणून झोपायची जागा ते फार चोखंदळपणे निवडतं. ब्रूनोकडे टेबलाखालची हक्काची जागा आहे, तुमच्या मुलीची खोली आहे. ते सगळं सोडून तो तुमच्या दाराशी येतो. तिथे काय असतं? दार बंद असतं, तुम्ही झोपलेल्या असता, फटीतून तुमचा वास बाहेर येतो आणि तुमचा हात मात्र येऊ शकत नाही. त्याला तुम्ही हव्या आहात. तुमचं जवळ येणं अजून नको आहे. माणसांना हे विरोधाभासी वाटतं, कारण आपण प्रेम आणि जवळीक एकाच गाठोड्यात बांधतो. घाबरलेल्या कुत्र्यात ही दोन्ही टोकं एकाच वेळी ताणलेली असतात. ओढ पुढे आणते, भीती मागे खेचते, आणि दोन्हींचा जिथे तह होतो तिथे तो अंग टाकतो. सध्या तो तह तुमच्या उंबऱ्यावर झालेला आहे.

वासाबद्दल लिहिलं ते उगाच नाही. अमेरिकेत एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना एमआरआय यंत्रात जागेपणी, न बांधता, स्थिर पडून राहायला शिकवलं. मग त्यांना वेगवेगळे वास दिले: स्वतःचा, ओळखीच्या आणि अनोळखी कुत्र्याचा, ओळखीच्या आणि अनोळखी माणसाचा. काहीतरी चांगलं मिळणार या अपेक्षेशी जोडलेला मेंदूचा भाग सगळ्यात जास्त जागा झाला तो ओळखीच्या माणसाच्या वासाने, आणि तो माणूस तेव्हा त्या खोलीत नव्हताही. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. तुमच्या दाराची फट ब्रूनोसाठी काय असेल याचा अंदाज यावरून करा.

आता तो उपकाराचा विषय एकदा मिटवून टाकू. मी एकवीस वर्षं कुत्र्यांच्या वर्तनावर काम करते आहे आणि दत्तक कुत्र्यांच्या घरांत सगळ्यात जास्त नुकसान या एका समजुतीने झालेलं पाहिलंय. आपली सुटका झाली आहे हे ब्रूनोला माहीतच नाही. त्याच्या बाजूने बघा. शेल्टर कितीही कोंदट आणि गोंगाटाचं असो, तिथले वास त्याच्या ओळखीचे झाले होते. कडी कधी वाजते, खाणं कधी येतं, कोण पिंजरा धुतो, शेजारचा कुत्रा कशावर भुंकतो, सगळं ठाऊक होतं. एक दिवस अनोळखी माणसांनी गाडीत घातलं आणि एकही वास ओळखीचा नाही अशा ठिकाणी आणून सोडलं. आपण त्याला सुटका म्हणतो. त्याच्या लेखी ते अपहरणच आहे. त्यातून एखादं कुत्रं पहिल्याच दिवशी गळ्यात पडलंच, तर तो त्याचा स्वभाव किंवा त्याची घालमेल. उपकाराची जाणीव नव्हे.

उपकाराच्या कल्पनेतला खरा धोका माणसाच्या बाजूला आहे. आपण नकळत हिशेब मांडायला लागतो, की मी एवढं करते आणि हा काय देतो? रागावू नका, पण तुमच्या प्रश्नात तो हिशेब डोकावतोय. कुत्र्याला आकडे कळत नाहीत, पण येणेकरी दारात उभा असल्यासारखी तुमची नजर सतत त्याच्यावर लागलेली असते ती त्याला नक्की कळते.

मग कुत्री जीव लावतात हे खोटं का? मुळीच नाही. उलट माणसाची भूक त्यांच्यात इतकी असते की तिचं मला अजून नवल वाटतं. बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांद विद्यापीठातल्या मार्ता गाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली निवारा केंद्रांमधल्या मोठ्या, वाढलेल्या कुत्र्यांवर एक साधा प्रयोग केला. एकेका कुत्र्याबरोबर एका ठरावीक माणसाने दहा-दहा मिनिटं, अशी तीन वेळा घालवली. बस, एवढंच. नंतर त्या कुत्र्यांची परीक्षा घेतली गेली, मेरी एन्सवर्थ यांनी तान्ह्या मुलांची आईशी असलेली जवळीक तपासायला बनवलेल्या चाचणीच्या धर्तीवर. परकी खोली, एक परका माणूस, आणि तो तीस मिनिटांचा सोबती आत-बाहेर करतोय. तो सोबती बाहेर गेला की कुत्री दाराशी ताटकळत होती आणि परतला की त्याच्याकडे धावत होती. परक्याच्या जाण्यायेण्याचं त्यांना तेवढं सोयरसुतक नव्हतं.

तीस मिनिटं! म्हणजे ज्या जनावराला माणूस मिळालेला नाही, त्याला लळा लागायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो विश्वासाला, आणि ब्रूनोचं घोडं तिथे अडलंय. लळा म्हणजे 'मला हे माणूस हवं'. विश्वास म्हणजे 'हे माणूस पुढच्या क्षणी काय करेल ते मला ठाऊक आहे आणि त्यात मला धोका नाही'. दुसरी गोष्ट शेकडो छोट्या अनुभवांनी बनते. तिला आडवाट नाही.

ब्रूनो इतका बिचकतो म्हणजे कोणीतरी त्याला मारलं असणार, असंही तुम्हाला लोक सांगत असतील. मारलं असेलही. पण माझ्याकडे येणाऱ्या बुजऱ्या कुत्र्यांच्या मागे बऱ्याचदा क्रौर्याची कथा नसतेच. असते ती एक रिकामी जागा. पिल्लाच्या मेंदूला माणसं, आवाज, वस्तू 'आपल्यातल्या' म्हणून नोंदवून घ्यायला एक खिडकी मिळते, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे यावर वर्षानुवर्षं काम झालं. १९६१ साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं, की उंच कुंपणाआड आईबरोबर वाढलेली, चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवास न मिळालेली पिल्लं माणसाला बघून रानटी जनावरासारखी पळत होती. त्यांना कोणी बोट लावलं नव्हतं. वाईट वागवलं नव्हतं. फक्त कोणी भेटलं नव्हतं.

हे का सांगते, तर ब्रूनोचा भूतकाळ तुम्हाला कधीच कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. 'बिचाऱ्याने काय सोसलं असेल' या कळवळ्यापोटी माणसं त्याला सारखं जवळ घ्यायला जातात, भरून काढायला जातात. त्याला आत्ता नेमकं तेच जड जातंय. शिवाय अशा कुत्र्याच्या बाबतीत एक अपेक्षा आधीच बेताची ठेवा. ती खिडकी रिकामी गेली असेल तर तो कदाचित आयुष्यभर पाहुण्यांना बिचकेल, रस्त्यावर अनोळखी माणूस दिसला की तुमच्या पायामागे जाईल. तरीही घरातल्या दोन-तीन माणसांशी त्याचं नातं कुठल्याही कुत्र्याइतकं गहिरं होऊ शकतं. मला तर वाटतं, जग ज्याला मोठं आणि धास्तीचं वाटतं त्याच्या त्या दोन-तीन माणसांना वेगळंच वजन येतं. पण हे माझं वाटणं. मोजून सिद्ध केलेलं नाही.

आता तुमची मुलगी. तिच्या पायाशी तो का बसतो याचं उत्तर तुम्हीच दिलंय: ती त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. ती येते, बसते, आपल्या कामात असते. तिला त्याच्याकडून काही नको असतं. ती वाकत नाही, हात पुढे करत नाही, लाडात नाव घेऊन बोलावत नाही. ब्रूनोच्या भाषेत ती घरातली सगळ्यात सभ्य व्यक्ती आहे. तुम्ही मात्र, मला खात्री आहे, खोलीत आल्या आल्या त्याला शोधता, 'काय रे सोन्या' म्हणता, दोन पावलं पुढे होता, वरून वाकता आणि डोक्यावर हात ठेवायला जाता. यातली एकेक गोष्ट आपल्याला माया वाटते आणि बुजलेल्या कुत्र्याला चाल करून येणं वाटतं. रोखलेली नजर, समोरून सरळ येणं आणि वरून वाकणं या गोष्टी ओळखीच्या नसलेल्या दोन कुत्र्यांमध्ये धमकीच ठरतात.

गुरगुरण्याबद्दल. तो गुरगुरला याचा मला आनंद झाला, म्हणजे गुरगुरण्यापर्यंत वेळ आली याचा नाही, पण त्याच्याकडे अजून आवाज शिल्लक आहे याचा. त्याआधी त्याने बरंच काही सांगून पाहिलं असणार: मान वळवली असेल, नाक चाटलं असेल, झोप आलेली नसताना जांभई दिली असेल, अंग ताठ करून क्षणभर थिजला असेल, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसला असेल. ते वाचलं गेलं नाही म्हणून त्याने आवाज चढवला. यावर ओरडू नका. गुरगुरण्याबद्दल शिक्षा झालेलं कुत्रं निर्भय होत नाही, फक्त गुरगुरायचं सोडून देतं, आणि मग लोक सांगतात की 'काही इशारा न देता चावला'. त्या घरांत इशारे कसे बंद पाडले गेले हे मी ऐकलेलं आहे. पुढच्या वेळी गुरगुरला तर हात थांबवा, नजर काढा, सावकाश मागे व्हा. 'मी नको म्हटलं आणि हिने ऐकलं', त्या एका क्षणात पेरलेलं हे बी पुढे फार उगवतं.

हे मी शहाणपणाने शिकले असं समजू नका. माझी कुत्री भुरी घरात आली तेव्हा मी या कामात चार वर्षं होते, म्हणजे अर्धवट शहाणी होते. अंगाला घाण येत होती, खरूज होती, डॉक्टरांनी औषधी शांपू दिला होता. तिसऱ्याच दिवशी मी तिला उचलून न्हाणीघरात नेलं, दार लावलं आणि अंघोळ घातली. तिने दातही दाखवले नाहीत. दगडासारखी उभी राहिली. मला वाटलं, किती शहाणी आहे! ती शहाणी नव्हती, आशा सोडून थिजली होती. पुढचे दोन महिने मी त्या न्हाणीघराच्या दिशेने निघाले तरी ती पलंगाखाली जायची, मला टॉवेल हातात धरायची सोय राहिली नव्हती. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, ते मी त्या टॉवेलवरून रोज बघत होते. अंघोळीला एक-दोन आठवडे थांबता येईल का हे डॉक्टरांना विचारून, ओल्या कापडाने थोडं थोडं पुसत गेले असते तर ती भीती तिच्या मनात बसली नसती.

तर आता काय करायचं.

पहिलं म्हणजे त्याला शोधणं बंद करा. खोलीत आलात की तो नाहीच असं वागा. दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं, टेबलापासून लांब, जिथून त्याला उठून जावंसं वाटत नाही इतक्या अंतरावर जमिनीवर बसा. त्याच्याकडे तोंड करून नाही, बाजू त्याच्याकडे करून तिरकं. पुस्तक वाचा, भाजी निवडा, काहीही करा. फरशा मोजून ठेवा. तुमच्या आणि त्याच्या मध्ये किती फरशा आहेत ते रोज एका वहीत लिहा. हे गमतीने सांगत नाही. रोजच्या सहवासात प्रगती डोळ्यांना दिसत नाही आणि माणूस हताश होतो. वहीत अकराचे नऊ आणि नवाचे सात झालेले दिसतात. मधे एखादा दिवस पुन्हा अकरा येईल, बाहेर काही धाडकन आपटलं असेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

खाऊचं तंत्र नीट समजून घ्या, कारण यात बहुतेक जण उलटं करतात. खाऊ हातात धरून त्याला जवळ बोलावू नका. भुकेपोटी तो येईलही, मान लांब करून, मागचे पाय पळायच्या तयारीत ठेवून. पण खाऊ संपला की त्याच्या लक्षात येतं की आपण नको तितके जवळ आलो आहोत, आणि मग तो दचकून पळतो किंवा हाताला दात लावतो. त्याऐवजी खाऊ त्याच्या पलीकडे, त्याच्या पाठीमागे टाका. म्हणजे खाऊ घ्यायला त्याला तुमच्यापासून दूर जावं लागेल. दूर जाणं म्हणजे त्याच्यासाठी सुटका, खाऊ ही वरकमाई. मग तो आपणहून परत वळेल, थोडा जवळ येईल, बघेल की आणखी काही आहे का. पुन्हा लांब टाका. जवळ यायचं की नाही हे प्रत्येक वेळी तो ठरवतो आणि जायचा रस्ता कायम उघडा असतो. आठवडाभरात बहुतेक कुत्री येरझाऱ्यांचा हा खेळ अंगात भिनवतात. भुरीने तीन आठवडे घेतले. तिला घाई नव्हती.

स्पर्श याच्यानंतर, बराच नंतर. तो स्वतः येऊन हुंगेल, अंग लावेल, तेव्हा छातीला किंवा गळ्याच्या बाजूला तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. तीन म्हणजे तीनच. मग बघा. जवळ सरकला, हाताला नाक लावलं, तर आणखी तीन सेकंद. नुसता उभा राहिला, नाक चाटलं, मान फिरवली, तर आजचं झालं. आपण माणसं 'तो बाजूला झाला नाही म्हणजे आवडतंय' असं धरून चालतो, भुरीच्या अंघोळीत मी तेच केलं. उभं राहणं म्हणजे होकार नव्हे.

दुसरी गोष्ट दिसायला क्षुल्लक आहे, पण मी तिला फार मानते. तुम्ही जे काही त्याच्या बाबतीत करणार, ते करण्याआधी सांगा. नेहमी तोच शब्द, त्याच स्वरात. पट्टा लावण्याआधी 'पट्टा'. त्याच्या बाजूने उठून जाण्याआधी 'उठते'. दार उघडण्याआधी 'दार'. रात्री तुम्ही खोलीतून बाहेर येताना तो पळतो ना? कडीला हात लावायच्या आधी आतूनच 'दार' म्हणा, पाच सेकंद थांबा, मग सावकाश उघडा, त्याच्याकडे न बघता आपल्या कामाला जा. काही दिवसांनी तो पळण्याऐवजी चालत बाजूला होईल, मग नुसता उठेल, मग एक दिवस पडल्या पडल्या शेपटीचं टोक हलवेल. ज्याला पुढचा क्षण ओळखता येतो त्याला सतत पहाऱ्यावर राहावं लागत नाही.

दार उघडं ठेवून झोपलं तर चालेल का, असं वाटेल. चालेल, पण त्याला हाक मारू नका. उंबरा त्याला त्याच्या वेळेने ओलांडू द्या.

डोळ्यांचं थोडं वेगळं आहे. जपानमधल्या अझाबू विद्यापीठातल्या मिहो नागासावा आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा अभ्यास तुम्ही कुठे ना कुठे वाचला असेल: जी कुत्री आपल्या माणसाकडे जास्त वेळ बघत राहिली, त्या कुत्र्यांच्या आणि त्यांच्या माणसांच्याही लघवीत अर्ध्या तासात ऑक्सिटोसिन, म्हणजे लळ्याशी जोडलेलं संप्रेरक, वाढलं. आई आणि तान्हं मूल यांच्यात जे चक्र फिरतं, त्याच जातीचं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये ते दिसलं नाही. फार सुंदर काम आहे, पण ते वाचून लोक कुत्र्याचा चेहरा हातात धरून डोळ्यांत बघायला जातात. तिथे बघणारं कुत्रं होतं, आपल्या मर्जीने, ओळखीच्या माणसाकडे. ब्रूनो तुमच्याकडे बघेल तेव्हा एकदा सावकाश डोळे मिटा आणि नजर बाजूला घ्या. बघण्याची मुभा त्याला, रोखून बघण्याची तुम्हाला नाही, निदान अजून काही महिने.

हे सगळं करण्याआधी, खरं तर याच आठवड्यात, त्याला एकदा डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या. गोचिडांचे ताप, जंत, लसीकरण हे शेल्टरमध्ये बघितलं असेलच. मला काळजी आहे ती दुखण्याची: दात, कान, कंबर, सांधे. हात लावला की गुरगुरणाऱ्या कुत्र्याला कुठेतरी ठणका असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, आणि कुत्री दुखणं लपवण्यात पटाईत असतात. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातले डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० साली लिहिलं, की वर्तनाच्या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या प्राण्यांमध्ये, हात राखून अंदाज केला तरी, साधारण एक तृतीयांशांमध्ये कुठलं ना कुठलं दुखणं सापडतं. कंबर दुखत असेल तर माझ्या सगळ्या फरशा फुकट आहेत.

कोणीतरी तुम्हाला 'घरात मालक कोण हे त्याला दाखवून दे' असंही सांगेल. गुरगुरल्यावर उलटा पाड, मानगूट धर, पट्टा झटक. ही कल्पना कुठून आली ते सांगते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण करून रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली सत्तेच्या मारामाऱ्यांचं वर्णन केलं. ते पुढे लोकांपर्यंत पोचवण्यात लांडग्यांचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक यांचा मोठा हात होता, आणि त्याच मेकनी १९९९ मध्ये मोकळ्या रानातल्या लांडग्यांवरून लिहिलं, की तिथला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, सत्तेच्या मारामाऱ्या झाल्याच तर क्वचित. तरी सल्ला चालूच आहे. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांच्या अभ्यासात, तोही २०२० चाच, धाक आणि झटक्यांनी शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं आणि कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक जास्त आढळलं. ब्रूनोसारख्या कुत्र्यावर हा प्रयोग एकदाच करावा लागतो. त्यानंतर तो दाराबाहेर झोपायचाही नाही.

आता थोडं पुढचं सांगून ठेवते, कारण तीन-चार महिन्यांनी तुम्ही मला उलटी तक्रार लिहाल अशी दाट शक्यता आहे. बुजरी दत्तक कुत्री एकदा सरकली की कधी कधी पार दुसऱ्या टोकाला जातात. तुमची सावली होतील. न्हाणीघराबाहेर बसतील, तुम्ही चपला घातल्या की धापा टाकतील, तुम्ही बाहेर पडलात की विव्हळतील, दार ओरबाडतील, लाळेने जमीन ओली करतील. लोकांना ही प्रेमाची परमावधी वाटते. 'माझ्याशिवाय राहतच नाही' हे कौतुकाने सांगितलं जातं. मला ते ऐकून पोटात गोळा येतो, कारण ते कुत्रं त्या क्षणी घबराटीत असतं.

नातं किती खोल आहे हे मी वेगळ्या गोष्टीवरून ओळखते. २०१३ साली व्हिएन्नामध्ये लिसा हॉर्न आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना खाऊ दडवलेलं खेळणं दिलं आणि ते किती वेळ खटपट करतात ते पाहिलं. आपला माणूस खोलीत असेल, अगदी गप्प बसलेला असेल, तरी कुत्री जास्त वेळ झटत होती. माणूस नसला की लवकर सोडून देत होती. आणि त्याच्या जागी परका माणूस आणून बसवला तर काही फरक पडत नव्हता. म्हणजे आपलं माणूस हा चिकटून बसायचा खांब कमी आणि ज्याच्या भरवशावर जगात चार पावलं पुढे जाता येतं असा आधार जास्त. भुरी पहिल्या वर्षी फिरायला गेल्यावर माझ्या पायाला घासत चालायची. तिसऱ्या वर्षी ती लांबच्या झुडपापर्यंत एकटी हुंगत जायची, मधेच मान वर करून मी आहे ना एवढं बघायची आणि पुन्हा नाक खाली घालायची. ते एक मान वर करणं मला तिच्या अंगावर येऊन चाटण्यापेक्षा मोठं वाटायचं.

म्हणून आत्तापासूनच, तो तुमच्याकडे यायला लागला की, लहान लहान विरह सवयीचे करा. दाराबाहेर पाच सेकंद, परत. वीस सेकंद, परत. जाताना समारंभ नको, येताना उत्सव नको. घरात एखादा कॅमेरा लावून बघा. खरी घबराट असली तर ती बहुधा तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातच दिसते. ती दिसली तर 'सवय होईल' म्हणून रेटू नका. यावर औषधं आहेत, फ्लुओक्सेटिन आणि क्लोमिप्रामिन ही दोन्ही कुत्र्यांच्या याच त्रासासाठी वापरली जातात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सरावाच्या जोडीनेच द्यायची असतात. औषध देणं म्हणजे हरणं, हा समज कुत्र्यांच्या बाबतीतही तितकाच चुकीचा आहे.

एक गोष्ट तुमच्याबद्दल. स्वीडनमधल्या लिंशॉपिंग विद्यापीठाने २०१९ साली कुत्री आणि त्यांची माणसं यांच्या केसांमधलं कॉर्टिसोल मोजलं आणि दोघांचा दीर्घकाळचा ताण बराचसा बरोबरीने चढतो-उतरतो असं त्यांना दिसलं. हे वाचून आणखी एक अपराध डोक्यावर घेऊ नका. एवढंच करा, की आठवड्यातून दोन दिवस ब्रूनोचं खाणं-फिरणं घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या आणि त्या दिवसांत त्याच्याकडे बघायचंही नाही. तुम्हालाही सुट्टी लागते.

आणि दुसरा कुत्रा. आत्ता नको. धीट, माणसाळलेला कुत्रा घरात असला तर बुजऱ्याला त्याच्याकडे बघून धीर येतो हे खरं आहे, मी ते अनेकदा पाहिलंय. पण दोघांचं जमलं नाही तर ब्रूनोची टेबलाखालची जागाही जाईल. आणि फार चांगलं जमलं तर तो त्या कुत्र्याचा होईल आणि तुम्ही घरात खाणं ठेवणाऱ्या बाई राहाल. तेही मी पाहिलंय. ब्रूनो तुमच्या खोलीत येऊन झोपायला लागला, बाहेर गेल्यावर तुमच्यापासून चार पावलं लांब जाऊन हुंगायला लागला, की सहा महिने आणखी जाऊ द्या. तेव्हाही दुसरा कुत्रा हवासा वाटला, तर ब्रूनोसाठी म्हणून आणू नका, स्वतःला हवा असेल तरच आणा, आणि दोघांची पहिली भेट घराबाहेर, मोकळ्या जागी, दोन वेगळ्या माणसांच्या हातात सैल पट्टे देऊन, लांबून शेजारी शेजारी चालत करवा.